सीबीसी, ईएसआर, सीआरपी: रिपोर्ट हातात पडल्यावर लोक विचारतात ते सगळे प्रश्न

डीएमएलटी करून मला लॅबमध्ये चौदा वर्षं झाली. आधी चंद्रपूरला होते, आता पुण्यात. काउंटरवर रिपोर्ट देताना आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळे एका ठिकाणी लिहून काढले. मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषध इथे मिळणार नाही. आकडा कसा तयार होतो आणि कुठे फसवतो, एवढं मात्र नक्की सांगू शकते.

१. सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी, डॉक्टर हे तिन्ही एकदम का लिहून देतात? एकाने भागत नाही का?

नाही भागत, कारण तिघं वेगळं वेगळं बघतात. सीबीसी म्हणजे मोजणी, लाल पेशी किती, पांढऱ्या किती आणि त्यातल्या कुठल्या जातीच्या किती, प्लेटलेट किती. सीआरपी हे लिव्हरने बनवलेलं एक प्रोटीन आहे, शरीरात कुठेही सूज-जळजळ सुरू झाली की आयएल-६ नावाचा निरोप लिव्हरला जातो आणि लिव्हर ते भराभर बनवायला लागतं. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत लाल पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसल्या ते.

मी लोकांना असं सांगते, रात्री गावात कुत्री भुंकायला लागली की कोणीतरी आलंय एवढं कळतं, पण चोर आहे की शेवटच्या एसटीने आलेला पाहुणा आहे ते भुंकण्यावरून कळत नाही. सीआरपी म्हणजे लगेच भुंकणारं आणि माणूस गेला की लगेच गप्प होणारं कुत्रं. ईएसआर म्हणजे उशिरा जागं होणारं आणि मग पहाटेपर्यंत उगाच भुंकत बसणारं. कोण आलं होतं याचा थोडाफार अंदाज सीबीसीतल्या पांढऱ्या पेशींवरून येतो, तोही अंदाजच.

२. इन्फ्लमेशन म्हणजे इन्फेक्शनच ना?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. इन्फेक्शन म्हणजे बाहेरून जंतू आला. इन्फ्लमेशन म्हणजे शरीराने दिलेली प्रतिक्रिया, आणि ती जंतूशिवायसुद्धा होते. पाय मुरगळला, ऑपरेशन झालं, गाऊट उठला, संधिवात आहे, हार्ट अटॅक येऊन गेला, सगळ्यात सीआरपी चढतो. म्हणून ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सीआरपी शंभरच्या पुढे दिसला म्हणजे टाक्यांत पू झालाच असं नाही, तो रोज उतरतोय की परत चढायला लागला हे बघायचं असतं.

३. सीआरपीमधला सी म्हणजे कॅन्सर का? काही लोक कोविड म्हणतात.

दोन्ही नाही. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात एक पदार्थ सापडला, जो न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नावाच्या साखरेसारख्या भागाला चिकटत होता. त्यावरून सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. कॅन्सरमध्ये तो वाढू शकतो, पण कॅन्सर शोधायची ही टेस्ट नाही. आमच्याकडे एक काका आठवडाभर घरी कोणाला न सांगता झोपले नव्हते या एका अक्षरापायी. निघालं काय, तर दाढेत पू.

४. उपाशीपोटी यायचं का?

या तिन्ही टेस्टना गरज नाही. सोबत फास्टिंग शुगर किंवा लिपिड असेल तर त्यासाठी उपाशी या. फक्त जिममधून किंवा धावून थेट येऊ नका, जोरात व्यायाम झाल्यावर पांढऱ्या पेशी थोड्या वेळापुरत्या वाढतात. पाणी पिऊन या, शीर लवकर सापडते, तुमचेही हाल कमी आणि आमचेही.

५. पांढऱ्या पेशी ११,८०० आल्यात आणि बाजूला ‘एच’ छापलंय. घाबरू का?

एवढ्यावरून नाही. ‘एच’ म्हणजे हाय, रेंजच्या वर. बहुतेक लॅबची रेंज ४,००० ते ११,००० असते. ही रेंज काढताना धडधाकट लोकांचे आकडे घेतात आणि मधले ९५ टक्के ‘नॉर्मल’ धरतात. म्हणजे व्याख्येनुसारच शंभरातले पाच जण काही नसताना बाहेर पडतात. आता तुम्ही वीस टेस्टचं पॅकेज केलंत, तर हिशोबाने पूर्ण निरोगी माणसाचीसुद्धा किमान एक टेस्ट बाहेर पडायची शक्यता साधारण ६४ टक्के आहे. ‘संपूर्ण शरीर तपासणी’वाल्या रिपोर्टवर एकही खूण नसणं हाच खरं तर योगायोग.

सिगारेट ओढणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशी कायमच थोड्या जास्त असतात. साधी सर्दी, टेन्शन, रडून लालबुंद झालेलं मूल, यानेही वाढतात. मात्र २५-३०,००० असतील, किंवा महिनोन्‌महिने चढतच असतील, किंवा रिपोर्टखाली ‘अ‍ॅबनॉर्मल सेल्स’ किंवा ‘ब्लास्ट’ असं काही लिहिलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

६. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट वगैरेचे टक्के बघायचे की आकडे?

आकडे. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, इओसिनोफिल या सगळ्या पांढऱ्या पेशींच्याच जाती. टक्केवारी फसवते, कारण एक वाढला की दुसरा आपोआप कमी दिसतो. समजा एकूण पांढऱ्या पेशी ६,००० आणि लिम्फोसाइट ४८ टक्के. रेंज २० ते ४० म्हणून ‘एच’ छापून येतं. पण गुणाकार करा, २,८८० येतात, म्हणजे मोठ्या माणसाच्या १,००० ते ४,०००च्या रेंजमध्ये मस्त बसतात. आता उलटं बघा. एकूण ३,००० आणि न्यूट्रोफिल ४५ टक्के, टक्क्यांत सगळं छान, कुठलीच खूण नाही. गुणाकार केला तर १,३५०, आणि १,५००च्या खाली न्यूट्रोफिल म्हणजे कमी. ५००च्या खाली गेले तर तो धोक्याचा आकडा, त्यात ताप असेल तर सकाळची वाट बघायची नसते, विशेषतः केमो चालू असेल तेव्हा.

हल्ली रिपोर्टवर ‘अ‍ॅब्सोल्यूट’ नावाखाली हे आकडे आयते छापलेले असतात, लोक ते वाचतच नाहीत. ढोबळ ओळख एवढीच ठेवा की न्यूट्रोफिल वाढले तर बॅक्टेरिया, जखम, ताण किंवा स्टिरॉइड, लिम्फोसाइट वाढले तर बऱ्याचदा व्हायरस. अपवाद भरपूर आहेत, प्रश्न ७, १३ आणि १८ बघा.

७. मुलगा दोन वर्षांचा आहे, लिम्फोसाइट ६० टक्के आलेत, गूगलवर भलतंच काहीतरी लिहिलंय.

गूगल बंद करा आधी. जन्मानंतर काही आठवड्यांपासून ते साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मुलांमध्ये लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्तच असतात, नंतर उलटं होतं. कितीतरी लॅब मशीनमध्ये मोठ्यांचीच रेंज टाकून ठेवतात आणि मग प्रत्येक बाळाच्या रिपोर्टवर ‘एच’ छापून येतं. आम्हीही आधी तसंच करत होतो, एका बालरोगतज्ज्ञ मॅडमनी फोन करून चांगलं झापलं तेव्हा वयाप्रमाणे रेंज भरल्या.

८. इओसिनोफिल वाढलेत. अ‍ॅलर्जी की जंत?

दोन्ही शक्य आहे. आकडा ५००च्या वर गेला की वाढलेले म्हणायचे. शिंका, दमा, अंगावर पित्त उठणं, एक्झिमा, पोटातले जंत, काही औषधांची रिअ‍ॅक्शन, ही नेहमीची कारणं. १,२००-१,५०० पर्यंत असले की डॉक्टर बहुतेक ह्यातलंच काहीतरी धरून चालतात.

पण आपल्याकडचं एक खास कारण आहे आणि पुण्या-मुंबईत ते पटकन आठवत नाही. ट्रॉपिकल इओसिनोफिलिया. वाइनगार्टन नावाच्या डॉक्टरने १९४३ मध्ये भारतातल्या पेशंटवरूनच हे नाव रूढ केलं. हत्तीरोगाच्या जंतूला फुफ्फुसाने दिलेली ही प्रतिक्रिया असते. रात्री उठून बसवणारा कोरडा खोकला, छातीत घरघर, वजन उतरलेलं, आणि इओसिनोफिल ३,०००च्या वर. चंद्रपूरला असताना मी काचपट्टीवर बघितलंय, लेशमन नावाच्या रंगाने रंगवलेली स्लाइड लेन्सखाली सरकवली की नजर टाकाल तिथे नारिंगी दाण्यांनी भरलेल्या पेशी, डाळिंब फोडून ठेवल्यासारख्या. दम्याचा पंप घेऊन घेऊन कंटाळलेला माणूस होता तो. गंमत म्हणजे अशा पेशंटच्या रक्तात हत्तीरोगाचे जंतू सहसा सापडतच नाहीत, त्यामुळे हत्तीरोगासाठी रात्री घेतलेलं रक्त निगेटिव्ह आलं म्हणून हे नाहीच असं म्हणता येत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा इकडे राहून आला असाल तर तसं डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

९. सीआरपी किती म्हणजे जास्त?

सगळ्यात आधी युनिट बघा. काही लॅब एमजी पर लिटरमध्ये देतात, काही एमजी पर डेसिलिटरमध्ये, आणि दोघांत दहापटीचा फरक आहे. पर लिटरमधला ५ म्हणजे पर डेसिलिटरमधला ०.५.

पर लिटरच्या हिशोबात ५-६ च्या खाली ठीक. १० ते ४० ला व्हायरल ताप, छोटंमोठं इन्फेक्शन, सांधे, काहीही असू शकतं. शंभरच्या पुढे गेला की बॅक्टेरियाच्या मोठ्या इन्फेक्शनचा संशय बळावतो, पण शिक्का नाही मारता येत.

आकड्याइतकीच वेळ महत्त्वाची. सूज सुरू झाल्यावर सीआरपी सहा-आठ तासांनी वाढायला लागतो, दीड-दोन दिवसांनी टोकाला जातो, आणि कारण थांबलं की दर १९ तासांच्या आसपास निम्मा होतो. आता हिशोब करा, सकाळी थंडी वाजून ताप आला आणि दुपारी तुम्ही सीआरपी केलात आणि ४ आला, तर त्याला काही अर्थ नाही, कुत्रं अजून जागंच झालेलं नाही. आणि अँटिबायोटिक सुरू करून तीन दिवस झाले तरी १२० चा १२५ असेल तर काहीतरी चुकतंय, औषध लागू नाही किंवा कुठेतरी पू साचलाय किंवा मुळात इन्फेक्शनच नाही. एका आकड्यापेक्षा दोन आकडे आणि मधला वेळ जास्त बोलतात.

१०. मग ईएसआर कशाला करतात अजून? जुनी टेस्ट आहे ना?

जुनी आहेच, वेस्टरग्रेनची पद्धत १९२१ ची आणि अजून तीच चालते. स्वस्त आहे, वीज गेली तरी होते. रक्त सायट्रेटमध्ये (त्याने ते गोठत नाही) मिसळून ० ते २०० मिलिमीटर खुणा असलेल्या नळीत भरायचं, स्टँडला सरळ उभं करायचं आणि टायमर लावून एक तास हात लावायचा नाही. सूज असली की रक्तात फायब्रिनोजेन वाढतं, त्याने लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि लवकर बसतात. एका तासाने वर पिवळट पाण्याचा पट्टा किती उंच झाला, तोच तुमचा ईएसआर. नळी जरा तिरकी राहिली तरी आकडा फुगतो. आमच्या जुन्या स्टँडचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली असायची, झाडूवाल्या मावशींनी ती एकदा कचरा समजून उचलली आणि त्या दिवशी सगळ्या गावालाच सूज आली. सरांना शंका आली म्हणून सगळे सॅम्पल परत लावले.

वयानुसार ईएसआर वाढतो. ढोबळ नियम असा की पुरुषांना वय भागिले दोन, बायकांना वयात दहा मिळवून भागिले दोन. म्हणजे साठीच्या आजींना ३५ पर्यंत चालतो, रिपोर्टवर रेंज २० छापलेली का असेना.

उपयोग मुख्यतः हळू चालणाऱ्या आजारांत, आमवात, मणक्याचा टीबी, आणि पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाजवळची डोकेदुखी. त्या डोकेदुखीत ईएसआर खूप वाढलेला असेल किंवा चावताना जबडा दुखत असेल किंवा नजर मधेच अंधूक होत असेल तर पळा, त्यात डोळा जाऊ शकतो.

११. ईएसआर ६० आलाय. शेजारचे म्हणतात टीबी असतो.

आपल्याकडे ईएसआर म्हणजे टीबीची टेस्ट असा समज घट्ट बसलाय. टीबीत वाढतो हे खरं, पण इतर पन्नास गोष्टींत वाढतो, आणि टीबी असून नॉर्मल आलेले पेशंटही असतात. ईएसआरवर टीबी ना ठरतो ना सुटतो. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, असं काही असेल तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करा, सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं फुकट आहेत. यातलं काहीच नसेल तर आधी हिमोग्लोबिन बघा, का ते पुढच्या प्रश्नात.

१२. सीआरपी नॉर्मल आणि ईएसआर मात्र जास्त, किंवा उलटं. खरं कोणाचं?

दोघांचंही. ईएसआर एकटाच जास्त असेल तर सगळ्यात कॉमन कारण अ‍ॅनिमिया. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईचा ईएसआर ५० आला तर त्यात सूज नसूही शकते, लाल पेशी कमी असल्या की गर्दी कमी आणि त्या भरभर खाली बसतात. दुसरं, गरोदरपण आणि वय. तिसरं, आजार बरा होऊन आठ-पंधरा दिवस झालेत, सीआरपी शांत झाला आणि ईएसआर अजून भुंकतोय.

चौथं कारण जरा गंभीर, रक्तात ग्लोब्युलिन वाढलेलं असणं. लिव्हर फंक्शनच्या रिपोर्टवर टोटल प्रोटीनमधून अल्ब्युमिन वजा केलं की ग्लोब्युलिन निघतं. साधारण ३.५ पर्यंत असावं. ते ५-६ असेल, ईएसआर शंभरच्या वर, वर कंबरदुखी आणि हिमोग्लोबिन घसरलेलं, अशा वयस्कर माणसाला डॉक्टर मायलोमासाठी (हाडांच्या मगजातला एक कॅन्सर) प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही टेस्ट सांगतात. ल्युपस या आजारातही बऱ्याचदा ईएसआर चढा आणि सीआरपी जवळजवळ नॉर्मल असतो. ल्युपसच्या पेशंटचा सीआरपी अचानक उडाला तर डॉक्टर आधी इन्फेक्शन शोधतात.

उलटं, म्हणजे सीआरपी जास्त आणि ईएसआर नॉर्मल, तर बहुतेक वेळा आजार नुकताच सुरू झालाय. आणि एक छुपं कारण आहे, ते प्रश्न १४ मध्ये.

१३. चार दिवस ताप आहे, पण पांढऱ्या पेशी वाढायच्या ऐवजी कमी झाल्यात. इम्युनिटी संपली का?

नाही हो. डेंगीत तसंच होतं, पांढऱ्या पेशी ३,०००-२,५०० वर येतात, मग प्लेटलेट पडतात, आणि सीआरपी सहसा फार चढत नाही. सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतं, पण त्याच रिपोर्टवरचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती, कोणी बघत नाही. तो वाढत असेल तर रक्तातलं पाणी बाहेर झिरपतंय. आणि हे ताप उतरताना होतं, लोक नेमके तेव्हाच म्हणतात की चला सुटलो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, पेशंट मलूल, यातलं काही दिसलं तर प्लेटलेट ९०,००० असल्या तरी दवाखान्यात जा.

टायफॉइडमध्येही पांढऱ्या पेशी नॉर्मल किंवा कमी असतात आणि इओसिनोफिल जवळपास शून्य. जुने डॉक्टर रिपोर्टवर सगळ्यात आधी तो शून्य शोधतात. नुसत्या एका विडाल टेस्टवर टायफॉइड ठरवू नका, अँटिबायोटिक घेण्याआधी ब्लड कल्चर दिलं तर उत्तर जास्त पक्कं मिळतं. याउलट कोकणात पावसाळ्यात, भातलावणीच्या चिखलात काम करून ताप आला आणि न्यूट्रोफिल, सीआरपी दोन्ही चढलेत, तर लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) नाव डॉक्टरांच्या डोक्यात येतंच.

१४. घरात सिकलसेल आहे. ईएसआर नेहमी अगदी कमी येतो, चांगलंच ना?

हाच तो छुपा सापळा. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशींची चळत रचताच येत नाही, त्यामुळे त्या खाली बसत नाहीत आणि अंगात कितीही सूज असली तरी ईएसआर २-४ दाखवतो. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल बऱ्याच घरांत आहे, तरी कागदावर ‘ईएसआर नॉर्मल’ वाचून निर्धास्त झालेले लोक मी बघितलेत. अशांनी सीआरपी बघायचा. हिमोग्लोबिन खूप जास्त असलेल्यांचाही ईएसआर असाच खोटा कमी येतो.

१५. अशक्तपणा आहे पण फेरिटिन नॉर्मल आलं, म्हणजे लोह भरपूर आहे ना?

फेरिटिन लोहाचा साठा दाखवतं खरं, पण सूज असली की तेही सीआरपीसारखंच वर जातं. म्हणून साठा रिकामा असूनसुद्धा आकडा ‘नॉर्मल’ दिसू शकतो. डब्ल्यूएचओने २०२० मध्ये सांगितलंय की निरोगी मोठ्या माणसात १५ च्या खाली म्हणजे लोह कमी, पण इन्फेक्शन किंवा इन्फ्लमेशन असेल तर ती रेघ ७० वर धरा. तापातून उठल्या उठल्या फेरिटिन करू नका, आणि केलंच तर सोबत सीआरपी करा. आमवाताच्या बायकांमध्ये ४० फेरिटिन बघून लोहाच्या गोळ्या बंद केल्याचं मी बरेचदा ऐकते, त्यांनी हा मुद्दा आपल्या डॉक्टरांना विचारावा.

१६. एचएस-सीआरपी वेगळा असतो का? पॅकेजमध्ये होता, ४.२ आला.

प्रोटीन तेच, मशीन फक्त बारीक आकडे मोजतं. उपयोग हृदयाचा धोका बघायला. १ च्या खाली कमी, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त. पण सर्दी-खोकला, दातदुखी, नुकतं घेतलेलं लसीचं इंजेक्शन, यात केला तर कचरा आकडा येतो. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा करायचा, आणि १० च्या वर असेल तर हृदयाचा विचार सोडून आधी इन्फेक्शन वगैरे शोधायचं. पोटावरची चरबीसुद्धा तो निरोप, आयएल-६, पाठवत असते, त्यामुळे वजन जास्त असलेल्यांत ३ ते १० मध्ये अडकून बसतो.

हळदीचं दूध, काढा याने उतरेल का हेही इथेच सांगते. एक चमचा हळदीने रिपोर्ट बदललेला मी बघितलेला नाही. वजन उतरवून, सिगारेट सोडून आणि, हे कोणाला पटत नाही, हिरड्यांचा इलाज करून उतरतो.

१७. माझी इम्युनिटी किती आहे त्याची टेस्ट करून द्या ना.

अशी एक टेस्ट नाही. कोविडनंतर ‘इम्युनिटी प्रोफाइल’ नावाने पॅकेजं निघाली, मी तेव्हा होते त्या लॅबनेही काढलं होतं, आत काय तर सीबीसी, व्हिटॅमिन डी, बी-१२, झिंक. विकताना मलाच लाज वाटायची.

सीबीसी हा हजेरीपट आहे, किती जण हजर ते कळतं, काम कोण करतंय ते नाही. शुगर ३०० असलेल्या माणसाच्या न्यूट्रोफिलची संख्या अगदी व्यवस्थित असते, पण त्या नीट लढत नाहीत, म्हणून पायाची जखम भरत नाही. रुटीन रिपोर्टमधून प्रतिकारशक्तीबद्दल जे कळतं ते एवढंच: न्यूट्रोफिल कायम कमी आहेत का, लिम्फोसाइट मोठ्या माणसात १,०००च्या खाली टिकून आहेत का, ग्लोब्युलिन फारच कमी आहे का, शुगर कशी आहे. यातलं काही असेल, किंवा वर्षात दोन न्यूमोनिया, तोंडात परत परत पांढरी बुरशी, खोल गळवं, मुलाचं वजन न वाढणं असं असेल, तर पुढे एचआयव्ही, इम्युनोग्लोब्युलिन वगैरे टेस्ट असतात. वर्षातून तीनदा सर्दी म्हणजे इम्युनिटी कमी नव्हे, लोकलने प्रवास करता एवढाच त्याचा अर्थ.

१८. स्टिरॉइड चालू आहे, रिपोर्टवर फरक पडतो का?

खूप. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून बसलेल्या असतात त्या सुटून प्रवाहात येतात, न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल पडतात, इन्फेक्शन नसताना १४-१५,००० दिसतात. दुसरीकडे सीआरपी उतरतो. संधिवातासाठी टोसिलिझुमॅबचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी तर जास्तच सांभाळा, ते आयएल-६चा निरोपच अडवतं, त्यामुळे मोठा न्यूमोनिया असूनही सीआरपी शून्याजवळ राहू शकतो. लिव्हर फारच खराब असेल तरी सीआरपी हवा तेवढा चढत नाही, कारण बनवणारं तेच. सॅम्पल देताना औषधाची चिठ्ठी दाखवा, आम्ही रिपोर्टवर टीप टाकतो.

१९. गरोदर आहे, पांढऱ्या पेशी १४,००० आणि ईएसआर ५५.

दोन्ही गरोदरपणात चालतं. लघवीला जळजळ, ताप, पाणी जाणं असं काही नसेल तर पुढच्या व्हिजिटला दाखवा. ईएसआरचा गरोदरपणात काहीच उपयोग नाही, कोणी लिहून दिला तर का ते विचारा.

२०. सांधे दुखतात म्हणून आरए फॅक्टर, एएनए, एएसओ सगळं केलं. एक पॉझिटिव्ह आलं, आता?

आता ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याकडे जा, आणि स्वतःच मनाने केलं असेल तर पुढच्या वेळी करू नका. आरए फॅक्टर म्हाताऱ्या माणसांत, टीबीत, हिपॅटायटिस सी मध्येही पॉझिटिव्ह येतो, आमवातासाठी अँटी-सीसीपी जास्त भरवशाची. एएनए १:८० ला धडधाकट लोकांतही दहातल्या एखाद्याचा पॉझिटिव्ह असतो. एएसओ वाढला म्हणजे घसा कधीतरी स्ट्रेप जंतूने धरला होता, एवढंच. सकाळी तासभर बोटं आखडतात का, सांधा सुजलाय का, हे या तिन्ही टेस्टपेक्षा जास्त सांगतं.

२१. एका लॅबमध्ये प्लेटलेट ४०,०००, दुसरीकडे त्याच संध्याकाळी दीड लाख. कोण खोटं बोलतंय?

बऱ्याचदा कोणीच नाही. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, काही लोकांच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि मशीनला गठ्ठा प्लेटलेट वाटतच नाही. स्लाइड केली की कडेला ते पुंजके स्पष्ट दिसतात. मग सायट्रेटच्या ट्यूबमध्ये परत रक्त घेतात. अचानक खूप कमी आल्या आणि अंगावर एकही लाल ठिपका नाही, तर ‘स्लाइडवर बघितलंत का’ एवढं विचारा, चांगल्या लॅबला राग येत नाही.

२२. रिपोर्टचा फोटो पाठवते, बघून सांगाल का?

पाठवू नका, आणि हे नखरे म्हणून नाही. मागच्या पावसाळ्यात एका ताईंनी त्यांच्या सासऱ्यांचा फोटो पाठवला, सीआरपी ४.८, खाली लिहिलेलं ‘नॉर्मल ना?’ फोटो उजवीकडून कापलेला होता, युनिट आणि रेंज दोन्ही बाहेर. मी आख्खं पान मागवलं. एमजी पर डेसिलिटर होतं. म्हणजे प्रश्न ९ च्या हिशोबाने ४८, आणि आजोबांची शुगर ३८०, पायाला फोड आलेला आणि तो चार दिवस हळद लावून झाकून ठेवलेला. त्या फोडाबद्दल फोटोत काहीच नव्हतं, मी ‘काही दुखतंय का’ विचारलं तेव्हा कळलं. त्याच संध्याकाळी त्यांना रिक्षात घालून नेलं.